ईसीएम बदलायच्या आधी तो मेलाय का आणि कुणी मारला ते बघा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असं, की गाडी म्हणजे २०१७ चा ट्रक, बीएस-४, दहाचाकी, २४ व्होल्टची, सात लाखाच्या वर किलोमीटर झालेत, ऊस हंगामाच्या आधी दिवाळीत बॉडीचं आणि फाळक्याचं वेल्डिंग करून घेतलं, त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी गाडी चालता चालता बंद पडायला लागली, तासभर थांबलं की परत सुरू होते, आता तर स्कॅनर, म्हणजे फॉल्ट वाचायचं यंत्र, पण लागत नाही म्हणता. गॅरेजवाला म्हणतो ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, गेला, नवा ७५ हजार सांगितलाय आणि भंगारातला एक २२ हजारात मिळतोय, तो टाकू का.

अजून काहीच टाकू नका. आठ दिवस हंगामातले वाया जातायत हे मला कळतं, फॅक्टरीच्या रांगेत नंबर जातो, हप्ता थांबत नाही, पण आत्ता घाईत २२ हजाराचा डबा लावलात आणि तो पण संध्याकाळपर्यंत गेला तर मग काय करणार? हे मी घाबरवायला सांगत नाहीये, असं झालेलं मी डोळ्यांनी बघितलंय, पुढे सांगतो.

मी या लाइनीत चोवीस वर्षं आहे. सुरुवात निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत एका वायरमनकडे हेल्पर म्हणून केली, तेव्हा गाडीत इलेक्ट्रिकल म्हणजे लाइट, हॉर्न, सेल्फ आणि डायनामो एवढंच. डिझेलचा पंप जुना लाइन पंप, त्यात गव्हर्नर लोखंडी वजनांचा, डिझेल किती जायचं ते स्प्रिंग ठरवायची. पुढे कॉमन रेल आली, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच नळीतून जास्त दाबाचं डिझेल, आणि तोच गव्हर्नर एका ॲल्युमिनियमच्या डब्यात जाऊन बसला. आता क्रँक सेन्सर सांगतो फ्लायव्हील कुठे आहे, कॅम सेन्सर सांगतो कुठला सिलिंडर वर येतोय, पेडल सांगतं ड्रायव्हरला काय पाहिजे, रेल सेन्सर सांगतो प्रेशर किती, आणि हे सगळं ऐकून ईसीएम ठरवतो की कुठला नोझल, म्हणजे डिझेल फवारणारा इंजेक्टर, कधी उघडायचा आणि किती वेळ. हे सांगायचं कारण एवढंच की ईसीएम दुसऱ्याच्या सांगण्यावर चालतो. ज्यानं सांगायचं त्यानंच चुकीचं सांगितलं, किंवा ईसीएमला स्वतःलाच नीट करंट मिळाला नाही, तरी गाडी बंदच पडणार आणि नाव मात्र ईसीएमचं होणार. माझ्याकडे "ईसीएम गेलाय" म्हणून ज्या गाड्या येतात त्यातल्या बहुतेकांचा ईसीएम चांगला असतो. मामला अर्थचा, रिलेचा, कपलरचा (वायरींच्या जोडणीचा) नाहीतर सेन्सरचा निघतो.

आता तुमच्या गाडीचं. गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू, हे लक्षण ईसीएमचं असू शकतं, आतला सोल्डर तडकलेला असला की गरम होऊन सुटतो. पण हेच लक्षण त्याच्या आधी क्रँक सेन्सरचं असतं. क्रँक सेन्सरमध्ये बारीक तारेची कॉइल असते, ती आतून तुटत आली की गरम झाल्यावर फाकते, सिग्नल जातो, इंजिन बंद, थंड झालं की टोकं परत टेकतात. बॉशच्या बऱ्याच कॉइलवाल्या सेन्सरचा रेझिस्टन्स ८०० ते ९०० ओहमच्या आसपास येतो, तो थंड असताना मोजला तर बरोबरच दिसणार, म्हणून गाडी बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच मोजायचा. हा पार्ट ईसीएमच्या मानाने किरकोळ पैशाचा आहे. सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम दिसतोय का बघायचं, शून्य दिसत असेल तर आधी क्रँक सेन्सर आणि त्याची वायर, बाकी काही नाही.

पण तुम्ही म्हणता स्कॅनरच लागत नाही. गॅरेजवाल्यानं निकाल तिथेच दिला असणार, स्कॅनर लागत नाही म्हणजे ईसीएम मेला. असं नसतं. स्कॅनर लावायच्या कपलरमध्ये, १६ पिनी असेल तर १६ नंबरला बॅटरीचा करंट येतो, ४ आणि ५ ला अर्थ असतो. त्या १६ नंबरच्या लाइनीचा फ्यूज बऱ्याच गाड्यांत दुसऱ्या कशाच्या तरी जोडीला असतो, आणि ड्रायव्हर लोक मोबाईल चार्जर, टेप, केबिनमधल्या एलईडी पट्ट्या तिथूनच ओढतात, फ्यूज उडतो, स्कॅनर आंधळा. आधी ते बघा. मग त्याच कपलरवरून डॅशबोर्डचा मीटर किंवा एबीएसचा (ब्रेकचा) कंट्रोलर बोलतोय का बघा. ते बोलतायत आणि फक्त इंजिन बोलत नाही तर संशय ईसीएमकडे किंवा त्याच्या सप्लायकडे जातो, कुणीच बोलत नसेल तर मामला लाइनीचा आहे.

ती लाइन म्हणजे कॅन, दोन वायरींची वेणी, तिच्यावरून गाडीतले सगळे कंट्रोलर एकमेकांशी बोलतात. बॅटरी कटऑफ करा, दोन मिनिटं थांबा आणि १६ पिनी कपलरमध्ये ६ आणि १४ नंबरच्या मध्ये ओहम मोजा. कपलर गोल ९ पिनी असेल तर सी आणि डी. रीडिंग ६० च्या आसपास यायला पाहिजे, कारण लाइनीच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर असतो आणि दोन्ही मिळून ६० होतात. १२० आले तर एक टोक सुटलंय, वायर तुटली किंवा कपलर नीट बसला नाही. शून्याच्या जवळ आले तर दोन्ही वायरी कुठेतरी घासून चिकटल्यात. एवढी एक तपासणी पाच मिनिटांची आहे आणि तिनं माझ्या अनुभवात कितीतरी ईसीएम भंगारात जाण्यापासून वाचवलेत.

आता सप्लाय. इथे जरा सविस्तर लिहितो कारण सगळ्यात जास्त चूक इथे होते, माझ्या हातून पण झालीये.

मीटर लावला, २४ व्होल्ट दाखवले, म्हटलं करंट येतोय. मीटरला काय, वायरीचा एक केस जरी जोडलेला असला तरी तो २४ दाखवणार, कारण मीटर स्वतः काही खातच नाही. ईसीएम खातो. त्या एका केसावरून लोड गेला की व्होल्टेज ढेपाळतं आणि ईसीएम रिसेट होतो. म्हणून ईसीएमचा कपलर काढून, सर्किट डायग्रामप्रमाणे मेन सप्लायची पिन आणि अर्थची पिन शोधून त्यांच्यामध्ये हेडलाइटचा २४ व्होल्ट ७० वॅटचा बल्ब लावायचा, म्हणजे साधारण ३ अँपिअर ओढेल. बल्ब पांढरा लख्ख पेटला पाहिजे. पिवळट मंद पेटला तर त्या लाइनीत रोग आहे. मेन सप्लाय रिलेवरून येत असेल तर ईसीएमचा कपलर काढल्यावर रिले ओढणारच नाही, तेव्हा रिलेच्या जागी थोडा वेळ जंपर टाकून तपासा. आणि पिनेत मीटरची जाड तार खुपसू नका, मादी पिन फाकते आणि मग जो नवीन फॉल्ट तुम्ही स्वतः तयार करता तो महिनोन्महिने सापडत नाही. बरोबर मापाची पिन घ्या, जुन्या हार्नेसमधून, म्हणजे वायरींच्या जुडग्यातून, कापून ठेवलेली असली तरी चालेल.

अर्थ तर वेगळाच तपासा. ईसीएम जोडलेला असताना, चावी ऑन, मीटरची एक टोच ईसीएमच्या अर्थ पिनेवर मागून आणि दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हच्या खांबावर, क्लॅम्पवर नाही, आणि सेल्फ मारायला सांगा. रीडिंग ०.२ व्होल्टच्या आत पाहिजे. अर्धा व्होल्ट, एक व्होल्ट दिसला तर तुमचा आजार सापडला समजा. सेल्फ मारताना दोन्ही बॅटऱ्या मिळून १८ च्या खाली जात असतील तर आधी बॅटऱ्यांचं बघा. आणि एक कळकळीनं सांगतो, दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट काढून टेप किंवा हॉर्न चालवत असाल तर ते आजच्या आज बंद करा, ती एक बॅटरी सतत उपाशी राहते आणि दुसरी जास्त चार्ज होऊन उकळते. १२ व्होल्ट पाहिजे तर कन्व्हर्टर लावा.

माझ्या हातून झालेली चूक सांगतो. बरीच वर्षं झाली, एक कंटेनर आला होता, हेच लक्षण, कधी चालू कधी बंद. मी मीटरनं २४ बघितले आणि ईसीएम गेला म्हणून सांगितलं. मालकानं कुणाकडून तरी उसने पैसे आणून नवा आणला. लावला, गाडी सुरू झाली, सगळे खूश. तिसऱ्या दिवशी खंबाटकीच्या अलीकडून फोन, परत बंद. गेलो, रात्रभर गाडीखाली होतो. पहाटे सापडलं, इंजिन आणि चॅसिसमधली अर्थची पट्टी, क्लच प्लेटचं काम करताना कुणीतरी काढली होती आणि परत लावताना रंग दिलेल्या जागेवर तशीच आवळली होती, वॉशरच्या खाली रंग. तो रंग पॉलिश पेपरनं घासून पट्टी आवळली आणि ती गाडी पुढे कित्येक वर्षं चालली, जुन्या ईसीएमवर सुद्धा चालली असती. मजुरी परत दिली, पण ईसीएमचे पैसे त्या माणसाचे गेलेच, कारण एकदा लावलेला इलेक्ट्रॉनिक पार्ट कोण परत घेतो. तेव्हापासून बल्ब लावल्याशिवाय मी ईसीएमबद्दल तोंड उघडत नाही.

आता तुमच्या वेल्डिंगकडे येतो. तुम्ही ते ओझरतं लिहिलंय पण मला तेच सगळ्यात महत्त्वाचं वाटतंय. वेल्डिंग करताना बॅटरीच्या वायरी काढल्या होत्या का, ईसीएमचे कपलर काढले होते का, आणि वेल्डिंगचा अर्थ कुठे लावला होता, हे त्या बॉडीवाल्याला विचारा. वेल्डिंगचे शेकडो अँपिअर परत मशीनकडे जायला वाट शोधतात, अर्थचा क्लॅम्प काम चाललंय तिथून लांब, समजा पुढच्या बंपरला लावला आणि वेल्डिंग मागे फाळक्याला, तर मधल्या सगळ्या चॅसिसमधून, अर्थच्या पट्ट्यांमधून, बेअरिंगमधून आणि मिळेल त्या वायरीतून तो करंट जातो. कधी ईसीएम लगेच मरतो. कधी आतला एखादा पार्ट अर्धमेला होतो आणि पंधरा-वीस दिवस काढून मग सोडतो. आणि कधी ईसीएमला काहीच होत नाही पण चॅसिसवरून जाणारा हार्नेस वेल्डिंगच्या ठिणगीनं वितळतो, वरून पाइप चांगला दिसतो आणि आत दोन वायरी एकमेकींना चिकटलेल्या असतात. तुमच्या बाबतीत हे तिसरं असेल असा माझा अंदाज आहे, म्हणून आधी गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन जिथे जिथे नवीन वेल्डिंग दिसतंय तिथला हार्नेस खोलून बघा, युरियाच्या (धूर साफ करायला सायलेन्सरमध्ये सोडतात त्या द्रावणाच्या) टाकीकडे जाणारा तर नक्की बघा. पुढे कधीही वेल्डिंग करायचं तर बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, ईसीएम आणि एबीएसचे कपलर काढा, आणि अर्थचा क्लॅम्प वेल्डिंगच्या जागेपासून वीतभर अंतरावर लावा.

पाच व्होल्टचं पण बघा. ईसीएम सेन्सरांना स्वतःकडून ५ व्होल्ट देतो, आणि एका लाइनीवर तीन-चार सेन्सर असतात. त्यातल्या एकाची वायर अर्थला टेकली की ती पूर्ण लाइन बसते आणि सगळे सेन्सर एकदम खराब दिसायला लागतात, स्कॅनरवर पी०६४१ किंवा पी०६५१ असे फॉल्टचे कोड येतात, आणि काही गाड्यांत तर ईसीएम बोलायचाच बंद होतो. चावी ऑन करून एखाद्या सेन्सरच्या कपलरवर ५ व्होल्ट मोजा, नसतील तर मीटर तसाच लावून ठेवून एकेक सेन्सरचा कपलर काढत जा. ज्याचा काढल्यावर ५ परत आले तो चोर. सगळे काढले तरी येत नाहीत तर मग वायर, आणि वायर पण चांगली निघाली तर आता कुठे ईसीएमकडे बोट दाखवायचं.

म्हणजे खरोखर मेलेला ईसीएम कसा असतो? सप्लाय आणि अर्थ बल्बवर लख्ख आहेत, चावी ऑन केल्यावर १५ नंबरच्या लाइनीचा करंट येतोय, तरी मेन रिले ओढत नाही, ५ व्होल्ट सगळे सेन्सर काढून पण येत नाहीत, कॅनची लाइन ६० आहे आणि बाकीचे कंट्रोलर बोलतायत पण हा बोलत नाही. किंवा बोलतो, पण पी०६०६ किंवा पी०६०१ सारखा त्याच्या स्वतःच्या प्रोसेसरचा, मेमरीचा कोड पुसला की लगेच परत येतो. किंवा एकाच नोझलला पल्स जात नाही आणि नोझल आणि वायर दोन्ही चांगले आहेत. कपलर काढल्यावर पिना हिरव्या पडलेल्या दिसल्या तर पाणी गेलंय. पिनांवर तेल दिसलं तर ते ऑइल प्रेशर सेन्सर फुटून वायरीच्या आतून, तारेच्या केसांमधून चढत चढत आलेलं असतं, लोकांना खरं वाटत नाही पण वायर मध्ये कापली की आतून तेल निघतं. तेव्हा सेन्सर आणि ती वायर दोन्ही बदलायचे, नुसता कपलर पुसून भागत नाही.

आणि समजा सिद्ध झालं, मेलाय. तर नवा लावायच्या आधी तो कुणी मारला ते शोधायचं.

मघाशी म्हटलं होतं सांगतो. एक टिप्पर, खडी क्रशरवरचा, माझ्याकडे आला तेव्हा त्याचे दोन ईसीएम आधीच गेलेले होते, दोन्ही दुसरीकडे लावलेले, दोन्ही जुने. दोन्ही उघडून बघितले तर जळलेला पार्ट एकच, नोझल चालवणाऱ्या ड्रायव्हर सर्किटमधला एक ट्रान्झिस्टर, दोन्हीत नोझलच्या त्याच गटाचा. नोझल पटकन उघडावा म्हणून ईसीएम आतल्या आत व्होल्टेज वाढवून ठेवतो, बॅटरीच्या दुप्पट-तिप्पट, आणि ते एका झटक्यात सोडतो. ती वायर अर्थला टेकली की झटका ट्रान्झिस्टरवर उलटतो. आम्ही नोझलची वायर थंड इंजिनवर मोजली, अर्थशी काहीच संबंध नाही, ओपन. इंजिन सुरूच होत नव्हतं म्हणून टॅपेट कव्हर काढून आतल्या हार्नेसला हेअर ड्रायरनं गरम केलं आणि हलवलं, तेव्हा मीटर खाली आला. कव्हरच्या कडेला इन्सुलेशन घासलं होतं, गरम झाल्यावर मऊ पडून तार लोखंडाला टेकायची. आतला हार्नेस बदलला, तिसरा ईसीएम लावला, तो टिकला. पहिल्या वेळीच कुणी दहा मिनिटं तिथे दिली असती तर दोन डबे वाचले असते.

म्हणून नवा डबा जोडायच्या आधी जुन्या हार्नेसच्या कपलरवरून ईसीएम ज्यांना ज्यांना करंट देतो ते सगळे मोजा. नोझल प्रत्येकी अर्ध्या ओहमच्या आसपास किंवा कमी येतात, महत्त्वाचं म्हणजे सहाच्या सहा एकसारखे पाहिजेत आणि कुठल्याच वायरीचा अर्थशी संबंध नको. पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह, युरियाचा डोझिंग पंप, त्याचे हीटर, फॅनचा क्लच असेल तर तो, हे पण मोजा. मीटरनंच मोजा, मेगर (जास्त व्होल्टेज सोडून इन्सुलेशन तपासायचं यंत्र) अजिबात लावू नका. अल्टरनेटर २७.५ ते २८.५ च्या मध्ये चार्ज करतोय का बघा, ३० च्या वर जात असेल तर तोच खुनी आहे. आणि इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून अल्टरनेटर तपासायची जुनी सवय असेल कुणाची तर त्याला गाडीपाशी येऊ देऊ नका, बॅटरी सुटली की अल्टरनेटरचा उसळलेला करंट सरळ ईसीएमवर जातो. लाइन पंपाच्या जमान्यात ते चालून गेलं, आता नाही.

आता तीन रस्ते आहेत. नवा, रिपेअर, किंवा जुना. तुमच्या गाडीला मी आधी रिपेअर म्हणेन. सप्लायचा पार्ट, ड्रायव्हर ट्रान्झिस्टर, कपॅसिटर, सुटलेला सोल्डर हे चांगला माणूस दुरुस्त करतो आणि टिकतं. यात सगळ्यात मोठा फायदा असा की तुमचा डेटा तुमच्याच डब्यात राहतो. पाण्यानं बोर्ड आतल्या थरांपर्यंत सडला असेल किंवा प्रोसेसरच गेला असेल तर दुरुस्तीचा नाद सोडा. रिपेअरवाल्याला दोन गोष्टी विचारा, काय जळलं होतं ते दाखव, आणि झाकण परत कशानं सील केलंस. झाकणाचं सील नीट नसेल तर पहिल्या पावसात डबा गेला.

भंगारातला घ्यायचाच असेल तर लेबल जुळवून घ्या. बॉशच्या डिझेल ईसीएमचा नंबर ०२८१ नं सुरू होतो, पुढचे आकडे तंतोतंत तेच पाहिजेत, एक आकडा वेगळा म्हणजे कदाचित हार्डवेअरच वेगळं. दिसायला सारखा, कपलर बसतो, म्हणजे चालेल असं नाही. आणि नंबर जुळला तरी आतलं सॉफ्टवेअर त्या दुसऱ्या गाडीचं असतं, तिची हॉर्सपॉवर वेगळी, गिअरबॉक्स वेगळा, टायरचं माप वेगळं, नोझलचे कोड तर नक्कीच वेगळे. तसाच लावला तर गाडी सुरू होईलही, पण धूर काढेल, डिझेल जास्त पिईल, नाहीतर पिस्टनला भारी पडेल. त्यामुळे तुमच्या जुन्या ईसीएममधला डेटा वाचून त्यात उतरवायचा, ज्याला क्लोन म्हणतात. जुना डबा बोलत नसला तरी बऱ्याच वेळा टेबलावर उघडून मेमरी वाचता येते, म्हणून जुना डबा बदल्यात देऊन टाकू नका, तो तुमच्याकडेच ठेवा. विकणाऱ्याकडून चालला नाही तर परत घेईन असं लिहून घ्या.

नवा घेतलात तर तो कोरा येतो, चॅसिस नंबर देऊन कंपनीच्या सॉफ्टवेअरनं फ्लॅश करावा लागतो, म्हणजे त्यात गाडीचा प्रोग्राम भरावा लागतो, ते काम सर्व्हिस सेंटरलाच होतं. भाव ठरवताना फ्लॅशिंग धरून किंमत विचारा.

जुना काढायच्या आधी, तो थंड असताना थोडा वेळ जरी बोलत असेल तर त्या वेळात सगळं वाचून घ्या, सॉफ्टवेअर नंबर, चॅसिस नंबर, सहा नोझलचे कोड, टायरचं माप, स्पीड लिमिट, सगळ्याचे मोबाईलवर फोटो. नोझलचा कोड नोझलच्या डोक्यावर पण कोरलेला असतो. प्रत्येक नोझल कारखान्यात टेस्ट करून त्याची बारीक चूक त्या कोडमध्ये लिहिलेली असते, ईसीएम ती वाचून वेळ कमीजास्त करतो. कोड न टाकता किंवा सिलिंडरची अदलाबदल करून टाकलात तर इंजिन कायम अडखळणार आणि मग कुणीतरी नोझल बदलायला सांगणार.

काढताना चावी ऑफ करून दोन मिनिटं थांबा, ईसीएम बंद होताना त्याची माहिती लिहून ठेवत असतो, मग कटऑफ, मग बॅटरीची निगेटिव्ह. कपलरचं लिव्हर पूर्ण उघडा, वायर धरून ओढू नका. पिनांना हात लावायच्या आधी चॅसिसला हात लावून घ्या. कपलर साफ करायला इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा, पेट्रोल नको, ग्रीस भरू नका, वरून एम-सील तर अजिबात नको, पाणी आत अडकून राहतं आणि पुढच्या माणसाला कपलर कापावा लागतो. डबा रबरी बुशांवर असेल तर बुश बघा, फाटलेले असतील तर बदला, बोर्डचा सोल्डर हादऱ्यांनीच सुटतो. हार्नेस कपलरच्या खालून वर आला पाहिजे म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी खालीच ठिबकेल.

फ्लॅश करताना बॅटरीला स्थिर सप्लाय द्या, नुसता चार्जर नको, हेडलाइट, ब्लोअर, टेप सगळं बंद, आणि काम चालू असताना केबिनमध्ये कुणाला चढू देऊ नका. मध्येच व्होल्टेज पडलं तर नवा डबा अर्धवट लिहिलेला राहतो.

बसवल्यावर नोझलचे कोड, टायरचं माप, पेडलचं लर्निंग आणि स्पीड लिमिट हे सगळं स्कॅनरनं सेट करून घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियम ११८ प्रमाणे मालगाडीला ८० ची मर्यादा आहे, डंपर-टँकरला ६० ची, ती बरोबर आहे का बघा नाहीतर पासिंगला अडकाल. याच वेळी कुणीतरी तुम्हाला म्हणेल, सोबत युरिया पण बंद करून देतो, त्याची सॉफ्टवेअरची फाइल आहे. घेऊ नका. एक तर ते बेकायदा आहे, दुसरं म्हणजे ती फाइल कुणाच्या गाडीची आणि कुणी फाडलेली हे तुम्हाला माहीत नसतं, आणि तिसरं, पीयूसीत डिझेल गाडीचा फक्त धूर मोजतात, नायट्रोजनचा वायू मोजत नाहीत, म्हणून ते खपून जातं, पण तो वायू रांगेत गाडीखाली झोपणाऱ्या तुमच्याच ड्रायव्हरच्या आणि ऊसतोड करणाऱ्या माणसांच्या छातीत जातो. युरिया चांगल्या ब्रँडचा, ३२.५ टक्क्यांचा टाका, डोझिंग नीट ठेवा, तेवढंच.

मग माल भरून घाट चढवा. रिकाम्या गाडीला गॅरेजच्या दारात रेस करून काही कळत नाही. इंजिन पूर्ण गरम होऊ दे, तीस-चाळीस किलोमीटर, बंद करून दहा मिनिटं थांबून गरम असतानाच परत सेल्फ मारा, असं चार-पाच वेळा, आणि आल्यावर परत स्कॅन करा.

तर भाऊ, आत्ता एवढंच करा. सर्किट डायग्राम मिळवा, नसेल तर गाडीच्या ईसीएमच्या लेबलचा आणि कपलरचा स्पष्ट फोटो पाठवा. बॅटरी ऑफ करून ६ आणि १४ मधले ओहम, सेल्फ मारताना अर्थवरचं व्होल्टेज, बल्ब कसा पेटला, गाडी गरम बंद पडल्यावर क्रँक सेन्सरचे ओहम, आणि नवीन वेल्डिंगच्या जवळचा हार्नेस खोलून त्याचा फोटो, हे पाच मला लिहा. आणि भंगारवाल्याला सांगा दोन दिवस थांब, टोकन देऊ नका.